व्हिसासाठी लावलेलं लगीन

तलासरीहून उधव्याच्या रस्त्याला लागलं की तिसऱ्या वळणावर करंजपाडा येतो. त्या पाड्यातली शुक्री तान्ह्या पोराला न्हाऊ घालायला बसली की बघणाऱ्या बायका हातातलं काम विसरत. भिंतीला पाठ लावून ती पाय लांब करायची, लुगडं गुडघ्याच्या वर खोचायची आणि दहा दिवसांचं पोर नडग्यांवर पालथं घ्यायची. पाण्याची धार अशी सोडायची की ती अंगावर पडते आहे हे पोराला कळूही नये. नाकाची दांडी, कानाच्या पाळ्या, टाळूची मऊ जागा, सगळं तिच्या बोटांना ठाऊक होतं. पोर रडलं तर भुकेने रडे, भीतीने कधी नाही.

ही विद्या तिला कोणी शिकवली नव्हती. ऐन तरुणपणी ती सरावलीच्या एका वाडीत चिकू निवडायला जात असे. वाडीवाल्याच्या घरी सुनेचं पोर चार दिवस एकसारखं रडत होतं. शुक्रीने हाताला लागलेला चीक राखेने काढला, आत गेली आणि म्हणाली, द्या इकडे. त्या दिवशी तिची चिकूची पाटी सुटली ती कायमची. पुढे डहाणू रोडच्या मास्तरांच्या, रेल्वेवाल्यांच्या, दुकानदारांच्या घरांतून तिला बोलावणी येऊ लागली. सकाळच्या जीपने जायची, चार घरं करायची, दुपारी परत. पहिल्या दिवशी कोणी उंबऱ्याबाहेर चहा दिला तर ती तो तसाच ठेवून निघायची. दुसऱ्या दिवशी चहा आत मिळायचा.

डहाणू रोडच्या कापडदुकानवाल्या सरलाबेनची मुलगी कीर्ती दुबईला असे. ती बाळंतपणाला माहेरी आली आणि तिचा मुलगा सव्वा महिना शुक्रीच्या पायांवर वाढला. परत जायची वेळ आली तसा कीर्तीचा धीर सुटला. दोन वर्षांसाठी माझ्याबरोबर चला म्हणून ती शुक्रीच्या मागे लागली. शुक्री गेली. दोनाची नऊ वर्षं झाली. कीर्तीच्या दोघा मुलांना तिने वाढवलं आणि त्या पगारावर आपल्या एकुलत्या एका पोरीला, प्रगतीला, नर्स केलं.

प्रगती शिकली, परदेशी भाषेचा क्लास केला आणि युरोपातल्या एका देशात इस्पितळात लागली. त्या देशाचं नाव शुक्रीच्या जिभेवर कधी नीट बसलं नाही. ती त्याला 'पोरीचा मुलूख' म्हणायची. तिथेच प्रगतीने दिपकशी घर केलं. दिपक कासा बाजूचा, तिच्याच वर्गातला, तोही नर्स. दोघांनी तिथल्या कचेरीत जाऊन सह्या केल्या.

पहिलं पोर पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. त्या दिवशी दिपक पाळीवर होता आणि प्रगती घरात एकटी. ही गोष्ट तिने आईला दोन महिने सांगितली नाही. सांगितली तेव्हा शुक्री कीर्तीच्या स्वयंपाकघरात चपात्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं, गॅस बंद केला आणि त्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा न सांगता खोलीत जाऊन दार लावलं.

पुढच्या वर्षी प्रगतीला पुन्हा दिवस गेले. डिसेंबरचा दुसरा आठवडा सांगितला होता. फोनवर ती म्हणाली, "आई, या वेळेला तू ये." शुक्रीला आणखी काही ऐकायचं नव्हतं. लोकांची किती पोरं या हातांखालून गेली होती. आता आपल्या पोरीचं पोर या पायांवर घ्यायचं, ते नीट जन्मलं आणि नीट वाढायला लागलं हे डोळ्यांनी बघायचं, की मग बाकी काही नको.

धाकटा दीर उमेश शिकलेला. त्याने पाड्यावरून कळवलं की वहिनी, मुंबईला येऊन अर्ज कर, मी सोबत येतो. पण चौकशी केल्यावर कळलं की जो माणूस दुबईत राहण्याच्या कार्डावर राहतो त्याने अर्जही दुबईतच करायचा. कीर्तीने मालकिणीचं पत्र लिहून दिलं की ही बाई माझ्या घरी कामाला आहे, सहा आठवड्यांची रजा दिली आहे, परत कामावर येणार आहे. प्रगतीने आमंत्रणाचे कागद पाठवले. ते घेऊन शुक्री टायपिंगच्या दुकानात गेली. तिथे अर्ज भरून देणारी केरळची बाई होती. ती हिंदीत एकेक प्रश्न विचारायची आणि उत्तर येण्याआधीच तिची बोटं चालायची. नाव, गाव, जन्मतारीख. मग तिने विचारलं, शादीशुदा?

इथे शुक्री थांबली.

आमच्याकडच्या पाड्यांवर पोरगा-पोरगी घर मांडतात, पोरंबाळं होतात, शेत कसतात, आणि लगीन बाकी राहतं. त्यात कोणी नाक मुरडत नाही. लगीन म्हणजे धवलेरी बोलवायची, म्हणजे लगीन लावणारी, धवल गाणारी बाई. भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवाचा चौक लिहायचा, पाड्याला जेवण घालायचं. सवड होईल तेव्हा करायचं. शुक्रीच्या सासऱ्याचं लगीन त्याच्या थोरल्या मुलाच्याच, म्हणजे शुक्रीच्या थोरल्या दिराच्या, मांडवात लागलं होतं. आधी बापाला हळद, मग मुलाला. कारण एक नेम मात्र कडक असतो, आई-बापाचं बाकी असताना पोरांचं लागत नाही.

शुक्री हाल्याच्या घरी आली त्याला सत्तावीस वर्षं झाली होती. हाल्या डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात कामाला होता. मनाने साधा, तोंडाने मिश्कील. दरवर्षी ठरायचं, यंदा करू. एक वर्षी सासू गेली, एक वर्षी घर शाकारायचं निघालं, एक वर्षी प्रगतीची दहावी. मग शुक्री परदेशी गेली आणि ते राहूनच गेलं. प्रगतीने तिकडे सह्या केल्या तेव्हा तिने आईला फोनवर बजावलं होतं की ही नुसती सही आहे, लगीन नाही. ते पाड्यावरच करायचं, आणि तुमचं-आमचं एकाच मांडवात. आधी तू आणि बाबा, मागोमाग मी आणि दिपक. शुक्रीने त्या मांडवाचं चित्र किती वेळा मनाशी रंगवलं होतं. ते सांगताना तिचा आवाज तरुण बाईसारखा व्हायचा.

रेशनकार्डावर ती हाल्याची बायको होती. पण पासपोर्ट काढताना लग्नाचा दाखला मागितला, तो नव्हता, म्हणून नवऱ्याच्या नावाची ओळ कोरी राहिली. सरकारच्या एका कागदावर ती हाल्याची, दुसऱ्या कागदावर कोणाचीच नाही.

"शादी बाकी है," ती त्या बाईला म्हणाली.

टायपिंगवालीची बोटं पहिल्यांदाच थांबली. "बाकी मतलब? बेटी तो है."

"बेटी है. आदमी भी है. सत्ताईस साल से है. शादी बाकी है."

"अम्मा, बाकी का कोई खाना नहीं है इसमें. मैरिड लिख दूँ?"

शुक्रीने विचारलं, लिहिलं तर कागद मागतील का. बाई म्हणाली, मागतील. मग जे नाही ते कशाला लिहायचं, असं शुक्रीला वाटलं. पोरीच्या घरी जायचं, तिथल्या साहेबाला पहिलाच शब्द खोटा कशाला द्यायचा. बाईने खांदे उडवले आणि अविवाहितच्या चौकटीत खूण केली.

पंधरा दिवसांनी पासपोर्ट परत आला. आत एक छापील कागद होता, त्यावर काही चौकटींत फुल्या. कीर्तीने तो दोनदा वाचला आणि शुक्रीला समोर बसवलं. म्हणाली, "शुक्रीबाई, त्यांना वाटतं तुम्ही परत येणार नाही. एकटी बाई, नवरा नाही, मुलगी तिकडे. परत यायला तुमच्यामागे कोण आहे, असं ते म्हणतात."

तो निरोप शुक्रीने हाल्याला फोनवर सांगितला. पलीकडे कारखान्याची यंत्रं चालू होती. मग हाल्या म्हणाला, "मंग मी कोण? भाडेकरू?"

शुक्री हसली. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य तिच्या अंगाला काट्यासारखं लागून राहिलं.

कीर्तीने चौकशी केली. लग्नाचा दाखला जोडला, नवरा गावी आहे, घर आहे असं कागदावर दिसलं तर पुन्हा अर्ज करता येतो. वेळ थोडा होता. शुक्रीने पंधरा दिवसांची रजा मागितली आणि दसरा झाल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, ती तलासरी नाक्यावर उतरली. प्रगतीला तिने येण्याचं कारण सांगितलं नाही. सांगितलं तर पोरगी नको म्हणेल, हे तिला पक्कं माहीत होतं. आल्यावर समोरासमोर सांगू, पोर मांडीवर असताना सांगू, असं तिने ठरवलं.

ग्रामसेवक भला माणूस होता. त्याने पाणी दिलं, खुर्ची दिली. लग्न कधी झालं ते सांगा, साक्षीदार आणा, एक फोटो आणा, मी नोंद करतो, म्हणाला. हाल्याने खरं ते सांगितलं. ग्रामसेवकाला त्यात नवल वाटलं नाही. इथे अर्ध्याहून जास्त लोक असेच येतात, म्हणाला. मुलीच्या जन्माच्या आधीची एखादी तारीख टाकू, भगताची सही घेऊ, झालं.

हाल्या मान डोलवत होता. शुक्री म्हणाली, "तिकडच्या साहेबाला मी लिहून दिलंय का लगीन बाकी हाय. आता जुनी तारीख दावली तर मी खोटी ठरन."

ग्रामसेवकाने पेन खाली ठेवलं. ते बरोबर होतं.

घरी येताना हाल्याने दुसरा मार्ग काढला. हळद लावून, हार घालून नुसता फोटो काढू. आजची तारीख टाकू. खरं लगीन पोरगी आल्यावर तिच्या मांडवात. त्यात शुक्रीचं मन थोडं वळलंही. पण साक्षीला धवलेरीचा अंगठा हवा होता, म्हणून दोघं बुधी आजीकडे गेली. बुधी आजी पाड्याची धवलेरी. हाल्याच्या बापाचंही लगीन तिनेच लावलं होतं. दारात सूप घेऊन नाचणी पाखडत ती बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, सूप बाजूला सारलं नाही.

"लगीन झालं म्हणून मी अंगठा देन तर लगीन झालं," ती म्हणाली. "मंग पोरीच्या मांडवात काय करशील? चौक म्हणजे शाळेतली पाटी हाय का, पुसला नि परत लिहिला?"

 शुक्री म्हणाली की मग खरंच लाव. आत्ता लाव.

बुधी आजीने आता सूप ठेवलं. भात अजून शेतात उभं होतं. नवं भात खळ्यावर आल्याशिवाय ती कधी चौक लिहीत नसे, हे अख्ख्या पाड्याला माहीत होतं. जुन्या तांदळाच्या पिठाने देव बसत नाही, असं ती म्हणायची. दिवाळी होऊ दे, झोडणी होऊ दे, पाडा मोकळा होऊ दे, मग बघू. तिच्या बोलण्यात दुखावल्याची छटा होती.

"शुक्रे, सत्तावीस वर्सं थांबलीस, नि आता दोन महिने थांबवत नाय?"

"पोर पोटात थांबायचं नाय, आजी."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. मग विचारलं की कोणाचं हळवं भात लवकर पिकलंय का.

ओढ्याच्या वरच्या अंगाला शेजारच्या लडक्याच्या उथळ खाचरात हळव्या भाताची एक पट्टी पिवळी पडली होती. शुक्री स्वतः विळा घेऊन गेली. परदेशात नऊ वर्षं फरशी पुसलेल्या तिच्या हातांना विळ्याने पहिल्याच पेंढीला फोड आणला. दोन पेंढ्या कापून तिने त्या अंगणातल्या दगडावर झोडल्या, भात उखळात कांडलं, तांदूळ भिजत घातले. कोणी मदतीला नव्हतं. बायका भाताच्या राखणीला, गवत कापायला गेल्या होत्या. शेतं ऐन भरात असताना लगीन कोण काढतं, असं त्या आपसांत म्हणाल्या. त्यात वावगं काही नव्हतं.

तेरा ऑक्टोबरला सकाळी लगीन लागलं. शेणाने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर बुधी आजीने आणि दोन सवाशिणींनी चौक लिहिला. एरवी त्याला दिवस लागतो, कड्या-साखळ्यांची वेलबुट्टी चारही बाजूंनी भरते. त्या दिवशी आजीने मधली देवी लिहिली, चार कोपरे जोडले आणि हात धुतले. धवल ती एकटीच गायली. मागून ओळ धरायला बायका नव्हत्या, त्यामुळे प्रत्येक ओळीनंतर थोडी जागा रिकामी राहायची आणि त्या जागेत रस्त्यावरच्या डंपरचा आवाज यायचा. हाल्याला हळद लागली तेव्हा तो लाजला. पन्नाशीचा माणूस, कपाळाला मुंडावळ्या, त्याने शुक्रीकडे बघून हळूच विचारलं, आता तरी मी भाडेकरू नाय ना? जवळच्या दोघी-तिघी हसल्या. शुक्रीला हसू आलं नाही. तिचं लक्ष उमेशच्या मोबाइलकडे होतं. चेहरे नीट आले पाहिजेत, चौक मागे दिसला पाहिजे, असं ती त्याला सांगत होती.

जेवणं आटोपल्यावर, लोक पांगल्यावर, बुधी आजी निघाली. शुक्रीने तिला लुगडं दिलं. आजीने ते घेतलं आणि म्हणाली, "लई लगनं लावली मी. ज्या नवरीनं नवऱ्याकडं बघितलंच नाय, अशी तू पयली."

दाखला तिसऱ्या दिवशी मिळाला. शिक्के मारून आणायला उमेश दोनदा मुंबईला गेला. उमेश हौशी. त्याने दादा-वहिनीचा हळदीतला फोटो त्याच दिवशी मोबाइलच्या स्टेटसला लावला होता. तो प्रगतीने तिकडे आपल्या पाळीवर जाताना पाहिला.

तिचा फोन आला तेव्हा शुक्री परतीच्या वाटेवर, जीपमध्ये होती. प्रगती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. तिने फक्त विचारलं, "माझ्याशिवाय मांडव घातलास?"

"तुझ्यासाठीच घातला, पोरी."

"मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, नको येऊस."

 जीप खड्ड्यात गेली, फोन कट झाला, आणि तो पुन्हा लावायचं तिला धाडस झालं नाही. आपण गेलो, पोर हातात घेतलं की पोरीचा रुसवा जाईल, असं तिने मनाला समजावलं. आता सगळंच त्या व्हिसावर येऊन ठेपलं होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला दुसरा अर्ज गेला. या वेळी तिला मुलाखतीला बोलावलं. कीर्तीने तिला आपली साडी दिली, टॅक्सीत बसवून दिलं, घाबरू नका म्हणाली. काचेच्या पलीकडे एक साहेब होता आणि त्याच्या बाजूला हिंदी बोलणारी बाई. साहेबाचा आवाज मऊ होता. त्याने दाखला उलटसुलट पाहिला आणि पहिला अर्जही समोर ठेवला.

पहिल्या अर्जात अविवाहित लिहिलं होतं, ते खरं होतं का, असं त्याने विचारलं. शुक्री म्हणाली, खरं होतं. मग मुलगी कोणाची? म्हणाली, याचीच, हाल्याची. सत्तावीस वर्षं एकत्र राहता? हो. आणि पहिला अर्ज नाकारल्यावर महिन्याभरात लग्न केलंत? हो.

साहेब थोडा पुढे झुकला. त्याने जे विचारलं ते त्या बाईने हिंदीत सांगितलं. इतकी वर्षं केलं नाही, तर आत्ताच का केलं?

शुक्रीच्या मनात पाड्याच्या सगळ्या गोष्टी आल्या. सासू गेली ते वर्ष, घर शाकारलं ते वर्ष, प्रगतीचा मांडव. पण हे त्या काचेतून कसं जाणार होतं. आणि विचारलं होतं ते एवढंच, आत्ताच का. त्याचं उत्तर एकच होतं.

"बेटी के पास जाने के लिए," ती म्हणाली. "कागज चाहिए था, इसलिए किया."

हिंदी बोलणाऱ्या बाईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. शुक्रीला नंतर वाटत राहिलं की त्या बाईला ते साहेबाला सांगायचं नव्हतं. पण तिने सांगितलं. साहेबाने मान हलवली, काहीतरी लिहिलं, आभार मानले.

घरी येऊन तिने हे जसंच्या तसं कीर्तीला सांगितलं. कीर्तीने कपाळाला हात लावला.

"असं कोणी सांगतं का, शुक्रीबाई?"

"विचारलं म्हणून सांगितलं."

दहा दिवसांनी पासपोर्ट आला. या वेळी फुल्यांची एक चौकट जास्त होती. दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, विवाह केवळ व्हिसा मिळवण्यासाठी केला आहे. कीर्ती म्हणाली, याविरुद्ध लिहिता येतं, अपील असतं. शुक्रीने विचारलं, काय लिहायचं?  त्या कागदावर लग्नाबद्दल लिहिलेलं खोटं नव्हतं. शुक्री दोनदा खरं बोलली होती आणि दोन्ही वेळा ते तिच्याविरुद्ध गेलं होतं. एकदा तरी खोटं बोलली असती तर कदाचित आज पोरीजवळ असती. हा विचार तिच्या मनात आला आणि गेला नाही. तो पुढेही कधी गेला नाही.

नऊ डिसेंबरला प्रगतीला मुलगा झाला. ऑपरेशन करावं लागलं. दिपकला चार दिवसांची सुट्टी मिळाली, मग तो पाळीवर गेला. शुक्रीने फोनच्या पडद्यावर पोर पाहिलं. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं, डोक्यावर लोकरीची टोपी. प्रगती त्याला प्लॅस्टिकच्या टबात धुवायची, इस्पितळात शिकवलं होतं तसं, दोन दिवसांआड. तेल लावायचं नाही असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं होतं.  नर्स झालेल्या पोरीला काय सांगायचं. फोन वरचेवर व्हायचे, पण ते छोटे असायचे. पोर झोपलंय, आई, नंतर करते. मधल्या त्या मांडवाच्या जागेत दोघीही पाय ठेवत नसत.

त्या उन्हाळ्यात शुक्री कायमची परत आली. कीर्तीची मुलं मोठी झाली होती, आणि तिचंही मन त्या शहरातून उठलं होतं. डहाणू रोडची घरं तिला पुन्हा मिळाली. ती जायची, काम करायची, परत यायची. लोक म्हणत, परदेशी राहून आली तरी बाई गर्विष्ठ झाली नाही. ती आधीपासूनच किती ताठ होती हे ते विसरले होते. आता तो ताठपणा कमी झाला होता आणि लोकांना तो नम्रपणा वाटत होता.

प्रगती आली ती दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत, वीस दिवसांच्या सुट्टीवर, दिपक आणि पोराला घेऊन. पोर चौदा महिन्यांचं, चालणारं. शुक्रीने त्याच्यासाठी पाणी तापवलं, पाट मांडला, भिंतीला पाठ लावली. ते तिच्याजवळ टिकलं नाही. अनोळखी बाई, अनोळखी पाणी, ते घाबरून रडलं आणि आईकडे पळालं. हातांखालून एवढी पोरं गेली त्यांत घाबरून रडलेलं हे पहिलंच. प्रगतीने त्याला नळाखाली उभं करून दोन तांबे ओतले आणि ते खिदळायला लागलं.

शुक्रीने ते मनावर घेतलं नाही असं दाखवलं. तिच्या मनात दुसरी एक गोष्ट होती. झोडण्या झाल्या होत्या, नवं भात घरोघरी आलं होतं, लगीनसराई सुरू झाली होती. नेमाप्रमाणे आता अडचणही नव्हती, आई-बापाचं झालं होतं. एकाच मांडवात नाही तर नाही, पण पोरीचा मांडव तरी आपल्या हाताने घालू. त्या मांडवात जे आपल्याला मिळालं नाही ते पोरीला मिळेल. तिने आधीच बुधी आजीला सांगून ठेवलं होतं. आजी आता डोळ्यांनी अधू झाली होती, तरी म्हणाली, हिच्यासाठी चारही बाजू भरून लिहीन. सवाशिणी ठरल्या, दिवस ठरला.

दोन दिवस आधी, दुपारी पोराला झोपवल्यावर, शुक्रीने प्रगतीपाशी विषय काढला. प्रगती पोराचे कपडे घडी करत होती. तिने घडी पूर्ण केली.

"नको, आई."

"तुझंच तर होतं मनात."

"होतं. एकत्र होतं." प्रगती आवाज न चढवता बोलत होती, पेशंटला समजावतात तशी. "आता तुमचा कागद झालाय, आमचाही कागद आहे. कागदावर सगळं भागतं."

हाल्या ओट्यावर विडी ओढत बसला होता. त्याने विडी विझवली. एखादा विनोद करावा म्हणून त्याने तोंड उघडलं, पण मग तो उठून परसात गेला.  पोरीने दिलेलं उत्तर कडू होतं, पण ते शुक्रीनेच, सव्वा वर्षापूर्वी, काचेसमोर उभं राहून दिलेलं उत्तर होतं. त्याला नाही कसं म्हणायचं.

ऊन कलायच्या आत ती बुधी आजीकडे गेली. आजीने अंगणात पाट्याशेजारी एक टोप मांडला होता, त्यात नव्या भाताचे तांदूळ भिजत घातले होते. पीठ आजच वाटून बघते, हाताची सवय गेलीय म्हणाली. शुक्री तिच्याजवळ खाली बसली आणि पोरगी नको म्हणते एवढंच सांगितलं.  आजीने टोपात हात घालून तांदूळ वर-खाली केले.

"मंग यांचं काय करू?"

"भाकऱ्या कर, आजी," शुक्री म्हणाली. "दे इकडं, मीच वाटते."

तिने पाटा जवळ ओढला आणि वाटायला घेतलं.